बोऱ्हाडे सुधारले

"मॅडम, तुमचं अभिनंदन करायला बोलावलंय," बागूल साहेब म्हणाले, आणि मी मूर्खासारखी खूश झाले.

त्यांच्यासमोर टेबलावर एक पिवळट फॉर्म उघडा होता. समासात लाल शाईच्या खुणा होत्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"अकरा वर्षं नोकरी झाली माझी. पण हाताखालच्या माणसाबद्दल इतकं स्पष्ट लिहिणारा अधिकारी मी पहिल्यांदाच बघतोय. बाकी सगळे आपले 'चांगला, चांगला' लिहून मोकळे होतात. वाईटपणा घ्यायला कोणी तयार नसतं. तुम्ही घेतलात."

"कोणाबद्दल म्हणताय साहेब?"

"हा तुमचा फिल्टरवरचा ऑपरेटर. बोऱ्हाडे."

मी वाकून फॉर्म पाहिला. अक्षर माझं होतं. इंग्रजीही माझंच होतं.

या गोष्टीला आता चौतीस वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, ठाण्याहून एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत कनिष्ठ अभियंता म्हणून गेले होते आणि गावाचा पाणीपुरवठा माझ्याकडे होता. गावाबाहेर टेकाडावर जलशुद्धीकरण केंद्र होतं. तिथे लहानू बोऱ्हाडे नावाचे अठ्ठेचाळीस वर्षांचे ऑपरेटर होते. सकाळी सहा ते दुपारी दोन अशी त्यांची पाळी. नियम असा की दर चार तासांनी पाण्याचा नमुना तपासायचा. बोऱ्हाडे दर तासाला तपासायचे. दोन वाजता सुटायचं तर साडेतीन-चारपर्यंत तिथेच घुटमळायचे. तुरटी कधी वाढवायची, कधी कमी करायची हे मी सांगायच्या आत त्यांनी करून टाकलेलं असायचं, आणि ते नेहमी बरोबर असायचं. खरं सांगायचं तर त्या गावाला मी पाणी पाजत नव्हते, बोऱ्हाडे पाजत होते.

दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल भरावा लागे. कसा आहे, काय आहे, बढतीला लायक आहे का. पहिल्या वर्षी मी सगळ्यांना 'चांगला' लिहिलं. बोऱ्हाडेंनाही 'चांगला' आणि दुपारच्या पाळीला रोज अर्धा-पाऊण तास उशिरा उगवणाऱ्या रंगनाथलाही 'चांगला'. ते मला फार लागलं. म्हणून दुसऱ्या वर्षी बोऱ्हाडेंच्या फॉर्मवर मी माझं कॉन्व्हेंटचं इंग्रजी पणाला लावलं. जे लिहिलं त्याचा मराठीत अर्थ असा होता: "या माणसाबरोबर काम करणे अशक्य आहे. कामाची वेळ संपली हे त्याला कळत नाही. वरिष्ठांच्या आदेशाची वाट पाहण्याचे सौजन्य त्याच्याकडे नाही, आदेश निघण्यापूर्वीच तो काम उरकतो. त्याच्यामुळे बाकीचे सर्व कर्मचारी आळशी दिसतात आणि ते त्यांना आवडत नाही. अशा माणसाला ऑपरेटरच्या जागेवर ठेवणे सर्वस्वी अयोग्य आहे."

मी हे लिहिलं ते फर्नांडिस साहेबांसाठी. ते आधीचे मुख्याधिकारी. आमचं दोघांचं रोजचं बोलणं असंच चालायचं. पंप जळाला की ते इंग्रजीत म्हणायचे, "वा, आजचा दिवस किती सुरेख उगवलाय." मला यायला उशीर झाला की घड्याळाकडे बघत म्हणायचे, "इतक्या पहाटे कशाला आलात?" मग मीही तसंच काहीतरी परत करायची. माझ्या वडिलांमुळे मला ती सवयच होती. ते रविवारी इंग्रजी वर्तमानपत्रातले उपरोधिक लेख मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याला हसू आलं नाही त्याची कीव करायचे. फर्नांडिस साहेब माझा शेरा वाचतील, खुदकन हसतील आणि खाली लिहितील की या माणसाला ताबडतोब बढती द्या, अशी माझी खात्री होती.

फॉर्म त्यांच्या टेबलावर जायच्या आधी त्यांची बदली झाली. तो पाच महिने कपाटात पडून राहिला आणि दिवाळीच्या तोंडावर त्यांच्या जागी आलेल्या बागूल साहेबांनी तो काढून वाचला.

"साहेब," मी म्हटलं, "ही स्तुती आहे."

"कुठे?"

"सगळीच."

साहेबांनी फॉर्म जवळ ओढला आणि एकेका ओळीखाली बोट धरलं. "इथे 'अशक्य' असंच लिहिलंय ना?"

"हो."

"आणि इथे 'अयोग्य'?"

"हो, पण ते उलट अर्थाने. म्हणजे ऑपरेटरच्या जागेला तो जास्त आहे. त्याला पर्यवेक्षक करायला हवं. इंग्रजीत असं लिहितात, साहेब. रोजच्या बोलण्यातही बोलतात. मराठीत नाही का आपण बोलत? पोराने घरभर पसारा केला की आई म्हणते, 'छान, फारच शहाणा आहेस.'"

"आई बोलते. लिहून सही करत नाही."

बागूल साहेब वाईट माणूस नव्हते. साक्रीकडच्या एका खेड्यातून ते स्पर्धा परीक्षा देऊन वर आले होते. इंग्रजी त्यांनी स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं आणि त्यातला प्रत्येक शब्द ते नाण्यासारखा वाजवून घ्यायचे. शब्दाच्या उलट अर्थ घ्यायचा ही कल्पना त्यांना बेशिस्तीची वाटली असावी.

"हे बघा मॅडम, तुमच्या मनात काय होतं ते फॉर्मवर नाही. फॉर्मवर जे आहे त्याखाली मी 'सहमत' म्हणून सही केलीय. प्रतिकूल शेरा म्हणून वीस तारखेला पत्रही गेलं त्याला."

"वीस ऑक्टोबरला? आज नऊ नोव्हेंबर आहे! मला कोणी सांगितलं नाही."

"गोपनीय असतं ते," साहेब म्हणाले.

पत्राची कार्यालयात ठेवलेली स्थळप्रत त्यांनी दाखवली. हेडक्लार्क वडनेरेंनी माझ्या इंग्रजी उताऱ्याखाली त्याचा मराठी सारांश काढला होता. कर्मचाऱ्यास कार्यालयीन वेळेचे भान नाही. वरिष्ठांच्या आदेशाविना परस्पर काम करतो. सहकाऱ्यांशी पटत नाही. पदास अयोग्य. तरी वर्तनात सुधारणा करावी, आणि काही म्हणणे असल्यास महिन्याच्या आत निवेदन करावे.

वडनेरेंना दोष देता येईना. एकही शब्द त्यांनी पदरचा घातलेला नव्हता.

"आणि अठ्ठावीस तारखेला पदोन्नती समिती आहे," साहेब म्हणाले. "पर्यवेक्षकाची एकच जागा आहे. सेवाज्येष्ठतेने बोऱ्हाडेच पहिला. पण हा शेरा असताना त्याचं नाव पुढे जाणार नाही. त्याच्याखालच्याचं जाईल."

त्याच्याखालचा म्हणजे रंगनाथ.

मी स्कूटर काढली आणि थेट टेकाडावर गेले. दोन वाजायला पाच मिनिटं होती. बोऱ्हाडे फाटकाशी सायकल धरून उभे होते. डबा हँडलला लटकवलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी त्यांना दोनच्या ठोक्याला घरी जायला निघालेलं कधी बघितलं नव्हतं.

"निघालात?"

"पाच मिन्टं हायेत, मॅडम. दोनला निघंन."

"रंगनाथ आला?"

"नाय अजून."

एरवी रंगनाथ उशिरा आला की बोऱ्हाडे हात जोडून त्याचं स्वागत करायचे, "या राजे! एवढ्या लवकर कशापायी तसदी घेतली? झोप झाली ना पुरती?" आणि रंगनाथ ओशाळून हसायचा. आज बोऱ्हाडेंनी नुसतं रस्त्याकडे बघितलं.

मी आत जाऊन रजिस्टर उघडलं. आठ वाजताचा नमुना होता. बारा वाजताचा होता. मधले रकाने कोरे होते. मागची पानं चाळली. ऑक्टोबरच्या तेवीस तारखेपर्यंत दर तासाची नोंद होती आणि चोवीसपासून चार-चार तासांची.

"बोऱ्हाडे, हे काय?"

"नेमाप्रमाणं हाय, मॅडम."

"तुम्हाला पत्र मिळालं ना?"

"मिळालं की."

"मग माझ्याकडे का आला नाहीत? मला विचारायचं तरी!"

"तुमीच लिव्हलेलं. तुमाला काय इचारायचं?"

"अहो, ते खरं नव्हतं! मी गंमत केली होती!"

बोऱ्हाडे माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावर राग नव्हता, दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. "कागदावर?" त्यांनी विचारलं.

मी घसा फोडून समजावलं. इंग्रजीत असं उलट बोलून कौतुक करतात, त्यात किती आपुलकी असते, फर्नांडिस साहेब असते तर काय झालं असतं. बोऱ्हाडे 'हां, हां' करत ऐकत होते. दोन वाजता गावातल्या गिरणीचा भोंगा झाला तसे ते सायकलवर बसले.

"तुम्ही निवेदन द्या," मी मागून ओरडले. "अकरा दिवस उरलेत!"

"बघू, मॅडम," ते म्हणाले आणि उतारावरून निघून गेले.

चिडचिड म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात कळलं. मी साहेबांना लेखी खुलासा दिला की शेरा उपरोधाने लिहिला होता. तो परत आला. वर साहेबांनी लिहिलं होतं, "उपरोधाने शेरा लिहिण्याची तरतूद कोणत्या नियमात आहे ते नमूद करावे." मी वडनेरेंकडे गेले. ते म्हणाले, मूळ निवेदन कर्मचाऱ्याचं लागतं, मग तुमचा अभिप्राय लागतो, त्याशिवाय फाइल हलत नाही. मी बोऱ्हाडेंना दोनदा निरोप धाडला. दोन्ही वेळा उत्तर आलं, बघू.

आणि तेरा तारखेला पाटाला पाणी सुटलं.

आमचा तलाव धरणाच्या पाटातून भरायचा. रब्बीचं पहिलं पाणी सुटलं की ते पाटातला सहा महिन्यांचा गाळ घेऊन येतं. दरवर्षी बोऱ्हाडे त्या सुमाराला सकाळी सहापासून तलावाच्या काठावर जाऊन उभे राहायचे आणि रंग बदलला की तुरटी दुप्पट करायचे. मला दुपारी कळायचं. त्या दिवशी त्यांनी नियमाप्रमाणे आठ वाजता नमुना घेतला, नियमाप्रमाणे रजिस्टरात लिहिलं, "गढूळपणा वाढला आहे. तुरटीचे प्रमाण वाढविण्याबाबत लेखी आदेश व्हावा," आणि चिठ्ठी वॉचमनबरोबर कार्यालयात पाठवली. कार्यालय सव्वादहाला उघडतं. मी पंपहाउसवर गेले होते. चिठ्ठी माझ्या हातात पडली तेव्हा साडेअकरा झाले होते.

तोवर सगळ्या गावाच्या नळांना चहासारखं पाणी गेलं होतं. साडेबारा वाजता पंचवीस-तीस बायका भरलेल्या कळशा घेऊन नगरपालिकेत आल्या आणि त्यांनी त्या कळशा बागूल साहेबांच्या दारात ओळीने मांडल्या. साहेबांच्या घरीही तेच पाणी आलं होतं, त्यामुळे त्यांना काही पटवून द्यायची गरज पडली नाही.

बायका गेल्यावर साहेबांनी मला बोलावलं. मी तयारीनेच गेले. म्हटलं, आता बोऱ्हाडेंवर आग पाखडतील, निलंबित करा म्हणतील, तर मीही सोडायची नाही.

"बोऱ्हाडेने आदेश मागितला," साहेब म्हणाले. त्यांच्या हातात ती चिठ्ठी होती आणि आवाजात चक्क समाधान होतं. "स्वतःच्या मनाने काही केलं नाही. थांबला. मॅडम, बघा शेऱ्याचा कसा परिणाम झाला! वीस दिवसांत माणूस सुधारला."

"साहेब, तो सुधारला म्हणूनच गावाला गढूळ पाणी गेलं!"

"त्याची चूक नाही त्यात. त्याने आदेश मागितला आठ वाजता. तुम्ही दिला साडेअकराला. खुलासा तुम्हाला करावा लागेल."

आणि मेमो माझ्या हातात ठेवला.

मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले. रडू येत होतं आणि रडायची लाज वाटत होती. ज्या माणसाचं भलं करायला गेले त्याची बढती जात होती. गावाने गाळ प्यायला. मेमो मला मिळाला. आणि ज्यांनी सगळा घोळ केला ते साहेब सोडून सगळ्यांचं चुकत होतं.

रविवारी सकाळी मी स्वतःच निवेदन टाइप करून बोऱ्हाडेंच्या घरी गेले. टेकाडाच्या मागे पत्र्याच्या तीन खोल्या होत्या. बोऱ्हाडे अंगणात बसून घमेल्याच्या कडीला तार गुंडाळत होते. त्यांच्या बायकोने सतरंजी अंथरली. त्यांची मुलगी अलका अकरावीत होती. तिने पाणी आणून दिलं. पाणी स्वच्छ होतं. मी बघितल्याचं तिच्या लक्षात आलं.

"गाळून, उकळून घेतलंय, मॅडम," ती म्हणाली.

मी कागद पुढे केला. "बोऱ्हाडे, फक्त सही करा. बाकीचं मी बघते. मी लिहिलंय की शेऱ्याचा अर्थ तुमच्याकडून चुकीचा घेतला गेला, तो मुळात कौतुकाचा होता, आणि तो प्रतिकूल धरला जाऊ नये."

बोऱ्हाडेंनी कागद अलकाकडे दिला. तिने वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"दादांकडून चुकीचा नाही घेतला," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पत्र आलं त्याच दिवशी मी वाचलं. खाली मराठी होतं ते वाईट होतं. पण वरचं इंग्रजी वाचल्यावर मला कळलं. आम्हाला इंग्रजीच्या तासाला शिकवलंय. आयरनी म्हणतात त्याला. बोलायचं एक आणि म्हणायचं असतं उलट. मी दादांना सांगितलं, की मॅडमनी तुमची तारीफ केलीय."

मी बोऱ्हाडेंकडे पाहिलं. ते तार पिळत होते.

"लय हसलो, मॅडम," ते म्हणाले. "त्या रोजी लय हसलो."

"दोघं बाप-लेक हसत व्हते," बायको चुलीजवळून म्हणाली. "मला वाटलं, बढतीच झाली."

"चांगलं लिव्हलंय, म्हनलं. काम करनं अशक्य हाय! खरंच हाय ते. रंगनाथलाबी सांगायचं व्हतं मला."

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. "तुम्हाला कळलं होतं? पहिल्या दिवसापासून? मग हे काय चाललंय तुमचं तीन आठवडे? दोनच्या ठोक्याला घरी! चार तासांनी नमुना! लेखी आदेश! आणि मी तिथे उभी राहून घसा फोडतेय, तर 'कागदावर?' विचारताय मला!"

"बसा, मॅडम."

"नाही बसत!"

बोऱ्हाडेंनी घमेलं बाजूला ठेवलं. "मी रंगनाथला राजे म्हनतो. उद्या त्यानं मला राजे म्हनलं तर मीबी हसंन. आमचं चालतं. पन उद्या तुमाला उशीर झाला आन् मी फाटकात हात जोडून म्हनलं, या राणीसरकार, झोप झाली का? तर?"

काय झालं असतं ते आम्हा दोघांना ठाऊक होतं.

"तुमची गंमत मला कळली. पन मला कळून काय उपेग? सही साहेबाची हाय. तुमी बदलून जाल. हे साहेबबी जातील. फायलीत कागद ऱ्हाईल. नवा साहेब येईल, त्यो वाचंल. त्याला तुमचं तोंड दिसनार हाय का? त्यो म्हनंल, ताकीद दिली व्हती, तरी ऐकलं नाय. म्हनून म्हनलं, कागदात हाय तसं वागावं. मंग कुनाला बोलाया जागा नको."

"आणि परवाचं पाणी?"

त्यांचा चेहरा पहिल्यांदाच हलला. "त्ये लागलं मला."

"जेवले न्हाईत त्या दिशी," बायको म्हणाली.

"तुरटीची गोनी समोर व्हती. हात शिवशिवत व्हते, मॅडम. बावीस वर्सं मी त्या गोनीला कुनाला इचारलं न्हाई. पन फोडली असती आन् साहेबानं इचारलं असतं, कुनाच्या आदेशानं? तर तुमचाच शेरा खरा ठरला असता. पंधरा दिवसांवर समिती. पर्यवेक्षक झालो तर पोरीला नाशकाला शिकाया ठेवता येईल. काय करायचं मानसानं?"

अलका खाली बघत होती. मला माझ्या अंगावरची इस्त्रीची साडीसुद्धा टोचायला लागली. सहा ओळींत मी हुशारी दाखवली होती आणि त्या हुशारीपायी या माणसाला बावीस वर्षांचा हात आवरून बसावं लागलं होतं. मला स्वतःचा संताप आला, आणि तो बाहेर काढायला तिथे कोणीच नव्हतं.

"सही करा हो," मी हळू आवाजात म्हटलं.

"मला कळलं न्हाई असं कसं लिव्हू? मला कळलं व्हतं. कळलं न्हाई त्ये साहेबाला." त्यांनी घमेलं परत पुढे ओढलं. "त्ये लिव्हू का?"

मी कागद परत पर्समध्ये घातला.

सोमवारी मी वडनेरेंच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, आता मार्ग दाखवल्याशिवाय उठणार नाही. वडनेरेंच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. ते पान लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही पहिल्यापासून चुकीचा कागद करताय. तुम्ही म्हणता, साहेबांना समजलं नाही. तो कागद साहेब मंजूर कसा करतील? मग म्हणता, कर्मचाऱ्याला समजलं नाही. त्यावर तो सही करत नाही. मग म्हणता, माझं चुकलं. मग साहेबांनी चुकीच्या शेऱ्यावर 'सहमत' का लिहिलं? परत तिथेच आलो."

"मग काय करू?"

"कुणाचंच चुकलेलं नाही असा कागद पाहिजे."

"असा कागद असतो?"

"असतो की. शेरा बरोबर होता. साहेबांची सही बरोबर होती. कर्मचाऱ्याने शेरा मनावर घेतला आणि तो सुधारला. त्याने निवेदन द्यायचं की मी सुधारलोय. तुम्ही अभिप्राय द्यायचा की होय, सुधारलाय. साहेब परवाच सगळ्यांना तेच सांगत होते. शेरा रद्द."

"म्हणजे मी लिहायचं, की तो आता दोन वाजले की काम टाकून जातो?"

"'कार्यालयीन वेळ काटेकोरपणे पाळतो,' असं लिहायचं."

"तलाव गढूळ झाला तरी हातावर हात ठेवून बसतो?"

"'वरिष्ठांच्या आदेशाविना कोणतीही कृती करत नाही.' मॅडम, यातलं काही खोटं आहे का?"

नव्हतं. तेच तर डोकं फिरवणारं होतं. पहिल्यांदा मी सगळं उलट लिहिलं होतं तेव्हा माझा हेतू खरा होता. आता प्रत्येक शब्द सरळ आणि खरा होता, आणि सगळा कागद मिळून खोटा होता. मी शुद्ध मराठीत, बाळबोध अक्षरात लिहिलं, की श्री. लहानू बोऱ्हाडे आता ठरलेल्या वेळेलाच घरी जातात, नियमात आहेत तेवढेच नमुने तपासतात, स्वतःच्या मनाने काही करत नाहीत, आणि त्यांच्यामुळे कोणत्याही सहकाऱ्याची अडचण होत नाही. बोऱ्हाडेंनी त्यांच्या निवेदनावर मुकाट्याने सही केली. एकोणीस तारीख होती. मुदत संपायला एक दिवस होता.

बागूल साहेबांनी दोन्ही कागद वाचले आणि मान डोलावली.

"माणूस सुधारतो, मॅडम. फक्त लिहिणाऱ्यात धमक पाहिजे."

"हो, साहेब," मी म्हटलं. त्यात उपरोध किती होता ते मला आजही सांगता येणार नाही. जीभच आखडली होती.

शेरा रद्द झाला. अठ्ठावीस तारखेला समिती बसली आणि बोऱ्हाडेंचं नाव सर्वांत वर राहिलं. माझ्या मेमोचा निकाल त्याच आठवड्यात लागला. आदेश देण्यात विलंब केल्याबद्दल मला ताकीद मिळाली. ती माझ्या फाइलीत निवृत्तीपर्यंत होती आणि ती मी कधी रद्द करून घेतली नाही.

एक डिसेंबरला पर्यवेक्षकपदाचा आदेश घेऊन मी टेकाडावर गेले. पाटाचं पाणी अजून चालूच होतं. बोऱ्हाडेंनी आदेश दोन्ही हातांनी घेतला, दोनदा वाचला, घडी करून वरच्या खिशात ठेवला. मी अभिनंदन केलं. साध्या शब्दांत केलं, आणि चेहराही तसाच साधा राहील याची काळजी घेतली.

"आता इथले प्रमुख तुम्हीच," मी म्हटलं. "तुरटीचा आदेश तुम्हीच द्यायचा. निदान आता तरी पूर्वीसारखं दर तासाला पाणी बघाल ना?"

बोऱ्हाडेंनी काचेचा चंबू उचलला, तलावाचं पाणी घेतलं आणि उजेडात धरलं. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. नियमाने नमुन्याची वेळ नव्हती. त्यांनी बाजूच्या गोणीचं तोंड सोडलं, टाकीत ओंजळभर तुरटी जास्त घातली आणि हात पँटला पुसले.

"बघतो की, मॅडम," ते म्हणाले. "फकस्त तुमी त्ये कुठं लिव्हू नका."